अत्याचार सोसलेल्यांच्या साक्षी कोणी उघडायच्या?

प्रश्न

बालगृहांत आणि निवासी शाळांत अत्याचार सोसलेल्यांनी चौकशी आयोगांपुढे दिलेल्या साक्षींचा मी अभ्यास करत आहे. आयर्लंडमध्ये २०१९ साली मांडलेल्या एका विधेयकात अशी कागदपत्रे किमान ७५ वर्षे बंद ठेवण्याची तरतूद होती. ते मंजूर झाले नाही, पण मुद्दा उरलाच. ७५ वर्षांनी दफ्तर उघडेल तेव्हा साक्ष देणाऱ्यांपैकी कोण हयात असेल? उलट, गोपनीयतेची हमी मिळाली म्हणूनच जे बोलले, त्यांचे शब्द अभ्यासकांसाठी परस्पर खुले करणेही मला पटत नाही. यातून मार्ग कसा काढावा?

पहिले उत्तर

कॅनडातील निवाडा आपण जरूर पाहावा. तेथील निवासी शाळांत शिकलेल्या मूळनिवासींच्या भरपाईच्या दाव्यांची कागदपत्रे १५ वर्षे राखून नंतर नष्ट करावीत, मात्र ज्या दावेदाराला आपली कागदपत्रे जपायची असतील त्याने तसे कळवावे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. निवड दावेदाराच्या हाती राहिली, हे मला योग्य वाटते. परंतु जे निर्णयाआधीच वारले, किंवा ज्यांच्यापर्यंत ही सूचना कधी पोहोचलीच नाही, त्यांचे मौन म्हणजे नकार असे धरले जाते, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

दुसरे उत्तर

ध्वनिमुद्रित साक्षी ऐकून उतरवून काढण्याचे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून नावे वगळण्याविषयी थोडे लिहितो. नाव खोडले की ओळख पुसली जाते, हा समज चुकीचा आहे. धाकट्या भावाला कोणत्या आजारात नेले, धुलाईघराची खिडकी कोणत्या बाजूला होती, एवढ्यावरूनही त्या संस्थेत वाढलेला माणूस बोलणारीला ओळखतो. हे तपशील काढावेत, तर साक्षीत फारसे काही उरत नाही. शिवाय एका वाक्याआधी ती किती वेळ गप्प होती, हे कागदावर उतरतच नाही. त्यामुळे कोणता भाग खुला करायचा हे तिच्यासोबत बसून, तिला तिचाच आवाज ऐकवून ठरवावे; त्याला वेळ लागतो, पण दुसरा प्रामाणिक मार्ग मला दिसलेला नाही.

तिसरे उत्तर

अभ्यासकांच्या आधी साक्ष देणाऱ्यांचा विचार व्हावा. आयर्लंडमधील माता-बाल गृहांच्या, म्हणजे अविवाहित मातांना आणि त्यांच्या बाळांना ठेवत त्या संस्थांच्या, चौकशीत सुमारे ५५० जणांच्या साक्षींची ध्वनिमुद्रणे पुसून टाकण्यात आली होती. ती नंतर राखीव प्रतींतून परत मिळाली. आपण सांगितले ते अहवालात तसे उतरलेच नाही, अशी तक्रार अनेकींनी केली होती, आणि ती पडताळण्याचा आधार ही मुद्रणेच होती. म्हणून साक्ष झाल्याबरोबर तिची प्रत देणाऱ्याच्या हाती पडावी, आणि ती कोणाला दाखवायची याचे बंधन त्याच्यावर नसावे.