मदत हवी आहे : नव्या वसाहतीला पाणी आणि मलवाहिनी पुरेल का, हे कसे तपासावे?

घोडबंदर_रहिवासी :
आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जमिनीवर सुमारे 600 सदनिकांची वसाहत प्रस्तावित असून हरकत नोंदवण्यास नऊ दिवस उरले आहेत. आम्हाला आजच दिवसाआड टँकर मागवावा लागतो आणि पावसाळ्यात कोपऱ्यावरचे चेंबर भरून वाहते. तरीही ‘सुविधा पुरेशा आहेत’ असे तोंडी उत्तर मिळते. कोणती कागदपत्रे मागावीत? कृपया लवकर सांगावे.

निवृत्त_अभियंता :
नऊ दिवस कशाचे, हे आधी कळू द्या. निव्वळ अभिन्यास (जागेवरील इमारती-रस्त्यांच्या मांडणीचा नकाशा) मंजूर करताना नागरिकांच्या हरकती मागवल्या जात नाहीत. सूचनेत कोणते कलम नमूद आहे? टँकर लागतो तो नळाला पाणीच येत नाही म्हणून, की आलेले पाणी टाकीपर्यंत पोहोचत नाही म्हणून?

माहिती_अधिकार_मित्र :
माहितीच्या अधिकाराखाली आजच अर्ज करा. जलवाहिनीचे नकाशे आणि पाणीपुरवठा विभागाचे ना-हरकत पत्र मागा. माझ्या सोसायटीचा प्रश्न याच मार्गाने सुटला.

निवृत्त_अभियंता :
त्या कायद्यात उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे आणि यांच्या हाती नऊच आहेत. अर्ज अवश्य करावा, पण हरकत त्याच्यासाठी थांबवू नये.

वाशीकर :
नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचे मोरबे धरण आहे, तरीही आम्ही गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवतो. आपणही प्रथम पर्जन्यजल संधारण करावे, असे मला मनापासून वाटते.

घोडबंदर_रहिवासी :
संधारण आमच्याकडे आहे. प्रश्न नव्या वसाहतीचा आहे. सूचनेत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे कलम 37 लिहिले आहे आणि जमीन हरित क्षेत्रातून निवासी क्षेत्रात घेण्याचा उल्लेख आहे. ही बाब महत्त्वाची असेल याची कल्पना नव्हती. रात्री दीड तास पाणी येते. रस्त्याच्या उतारावरील सोसायटीची टाकी भरते, आमची अर्धीच राहते.

निवृत्त_अभियंता :
आता चित्र स्पष्ट झाले. हा विकास योजनेतील फेरबदल आहे. त्यावर एका महिन्यात हरकती घेतल्या जातात आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. त्यामुळे हरकतीत आपल्या गैरसोयीसोबत हिशोबही मांडा. एका सदनिकेत पाच माणसे आणि दरडोई 135 लिटर धरल्यास वसाहतीला रोज 4,05,000 लिटर पाणी लागेल आणि त्याच्या 80 टक्के, म्हणजे 3,24,000 लिटर, सांडपाणी होईल. शिवाय ते दिवसभर एकसारखे वाहत नाही. एवढ्या लोकवस्तीसाठी सकाळच्या गर्दीचा प्रवाह सरासरीच्या तिप्पट धरतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 11 लिटर. कोपऱ्यावरच्या मलवाहिनीचा व्यास आणि उतार तो पेलतो का, हे लेखी विचारा.

विकास_समर्थक :
20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी आणि स्वतःचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र लागते. मग मलवाहिनीवर भार येईल कसा? लोकांना घरे मिळू नयेत का?

निवृत्त_अभियंता :
घरे मिळावीतच. परंतु शुद्ध केलेले पाणी फ्लशिंग आणि बागेला वापरून उरते, आणि पावसाळ्यात, बागेला पाणी नको असते तेव्हा, ते वाहिनीतच जाते. चेंबर तुंबते तेही त्याच महिन्यांत.

न्यायालयीन_मार्ग :
2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणीटंचाईमुळे घोडबंदर भागातील नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ मनाई केली होती. थेट याचिका करा.

निवृत्त_अभियंता :
याचिका करायची झाली तरी आधी वेळेत हरकत नोंदवलेली असावी. ठाण्याला स्वतःच्या योजनेशिवाय स्टेम ही पाणीपुरवठा संस्था, एमआयडीसी आणि मुंबई महापालिकेकडूनही पाणी मिळते. या साऱ्यांची बेरीज दाखवून आपल्या रस्त्याचे उत्तर होत नाही. उतारावरची टाकी भरते आणि आपली भरत नाही, म्हणजे पाणी येते पण दाब अपुरा आहे. नवी जोडणी त्याच वाहिनीवरून दिली तर दाब आणखी उतरेल. म्हणून वाहिनी कोणती, तिचा व्यास किती आणि आपल्या टोकाला दाब किती, हे तीन प्रश्न हरकतीत वर ठेवा. आवक शिक्क्याची प्रत घ्या आणि सुनावणी मागा.

घोडबंदर_रहिवासी :
आभारी आहे. उद्या सकाळी हरकत दाखल करतो. जलमापकाची गेल्या वर्षभरातील बिले आणि टँकरच्या पावत्या जोडत आहे. आमच्या जोडणीवर दाबमापक बसवून सात रात्रींची नोंद ठेवली, तर ती सुनावणीत ग्राह्य धरली जाईल का?