क्लायस्ट्रॉन ६५ मेगावॅटचा, मग जास्त शक्ती येते कुठून?

प्रश्न: एमएस्सीला आहे. स्टॅनफर्डच्या स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेतला क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्हची शक्ती वाढवणारी निर्वात नळी) २८५६ मेगाहर्ट्झवर ६५ मेगावॅट देतो, पल्स ३.५ मायक्रोसेकंदांचा. तरी इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या प्रवेगक नळीला शिखरावर त्याहून जास्त शक्ती मिळते. कशी?

उत्तर: ऊर्जा वाढत नाही, वेळ आखडतो; साठवलेली ऊर्जा कमी वेळात बाहेर पडते. १९७४ची ही 'स्लेड' युक्ती. क्लायस्ट्रॉनपुढे दोन पोकळ्या (मायक्रोवेव्ह ऊर्जा साठवणारे तांब्याचे डबे) बसवतात, त्या ऊर्जेने हळूहळू भरतात. पल्सच्या शेवटच्या ०.८ मायक्रोसेकंदात क्लायस्ट्रॉनच्या लाटेची फेज (चढ-उताराची स्थिती) १८० अंशांनी उलटवली की पोकळीतून बाहेर पडणारी लाट आणि क्लायस्ट्रॉनची लाट एकमेकींत मिळतात. असा पल्स मी पहिल्यांदा ऑसिलोस्कोपवर पाहिला, तेव्हा हातातला चहा निवून गेला. आधी बसका पट्टा, मग एकदम सुळका, आणि लगेच घसरण. फार देखणं दृश्य आहे ते!

प्रश्नकर्ता: सर, मग थेट मोठाच क्लायस्ट्रॉन का नाही बनवत?

उत्तर: अरे, याच्याच कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) ३५० किलोव्होल्ट लागतात. शक्ती चढवतानाही धीर धर. आम्ही एकदा घाई केली. वेव्हगाइडमध्ये (मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या धातूच्या नळीत) ठिणगी पडली, निर्वात बिघडला, आठवडा गेला.

दुसरं उत्तर: पोकळ्यांचं तापमानही सांभाळा. तांबं जरा फुगलं तरी सूर, म्हणजे पोकळीची ठरलेली वारंवारता, हलतो.