मदत हवी आहे: अ‍ॅलर्जीवाल्या लॅब्रॅडॉरची पिल्लं होऊ द्यावीत का? ०.४७ म्हणजे नक्की किती?

आमचा खंड्या, लॅब्रॅडॉर, वय पावणेतीन. वर्षाचा व्हायच्या आतच खाज सुरू झाली. रात्रभर पुढचे पंजे चाटतो; चाटून चाटून बोटांमधले पिवळसर केस पार विटकरी झालेत. कान आतून लाल, पाठ मात्र स्वच्छ. पिसवा नाहीत, खरूज नाही. आठ आठवडे खाणं बदलून पाहिलं, फरक शून्य. शेवटी व्हेट म्हणाले, अ‍ॅटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे अ‍ॅलर्जीतून येणारा त्वचेचा खाजरा आजार. त्याच वेतातला त्याचा भाऊ ओळखीच्यांकडे आहे, तो ठणठणीत!

आणि आता खंड्याला स्थळ सांगून आलंय. म्हणून वाचायला बसले. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरवरच्या २००४ च्या ब्रिटिश अभ्यासात या आजाराची अनुवंशिकता ०.४७ निघाली. म्हणजे शंभरातल्या ४७ पिल्लांना होणार का? जर्मन शेफर्डमध्ये २०१३ साली २७व्या गुणसूत्रावर या आजाराशी जोडलेली जागा सापडली, मग लॅबची तशी टेस्ट करता येईल का? जाणकारांनी सांगा, घरात दोन तट पडलेत.

प्रतिसाद १
नाही हो ताई, तसा अर्थ नाही. त्या कळपात कुत्र्याकुत्र्यात जो फरक दिसला, त्यातला साधारण निम्मा रक्तातून आलेला, बाकीचा धूळ, घर, हवा वगैरेंचा. एका पिल्लाची शक्यता त्यातून निघत नाही. जर्मन शेफर्डची खूण लॅबला जशीच्या तशी लावू नका. एका ब्रीडची कुत्री एकमेकांची भाऊबंदच, त्यामुळे डीएनएचे लांबलचक तुकडे सगळ्यांत सारखे. म्हणून तर थोड्या कुत्र्यांतही अशी जागा हाती लागते, पण ती त्या ब्रीडपुरती (आणि माणसाच्या एक्झिमासाठीही त्यांच्याकडे बघतात, शेवटी आपल्याच गादीतले धुळीचे किडे त्यांनाही छळतात). पण अनेक जनुकांचा कारभार असल्यानं एका टेस्टवर निकाल लागत नाही.

भावाला एवढ्यात निरोगी धरू नका. खाज बहुधा सहा महिने ते तीन वर्षांत सुरू होते. अभ्यासातही कोवळं कुत्रं 'निरोगी' गटात टाकलं की गणित बिघडतं. माझं मत: खंड्याची पिल्लं नकोत.

धागाकर्ती
आभार! भावाच्या घरी फोन केला. "कान खाजवतो अधूनमधून, पण कुत्रं म्हटलं की खाजवायचंच," म्हणाले. त्यांना पंजे बघायला सांगितलंय. स्थळाला नकार कळवतेय.