मदत हवी आहे: नव्या डिझेल गाडीची सकाळची टकटक, आणि डिझेल साधं भरू की प्रीमियम?

घाटवळण

नमस्कार मंडळी,

तेरा वर्षं एकच पेट्रोल हॅचबॅक चालवली. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, घरच्यांनी उचल खाल्ली आणि दसऱ्याला आयुष्यातली पहिली डिझेल गाडी दारात आली. दीड लिटरचं इंजिन, चार मीटरच्या आतली एसयूव्ही, मॅन्युअल. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा 'हीच का घेतलीत' यात जाईल.

राहतो चिंचवडला. गाव पाटण तालुक्यात, महिन्यातून दोनदा जाणं होतंच. एरवी घर ते हिंजवडी, ११ किलोमीटर, आणि त्याला पाऊण तास (हिंजवडीकरांना जास्त सांगायला नको). आत्तापर्यंत १,९०० किमी झाली.

आता तक्रार. सकाळी पार्किंगमध्ये गाडी चालू केली की पहिली दोन-तीन मिनिटं बॉनेटखालून टक-टक-टक असा कोरडा आवाज येतो. तिन्ही बाजूंना भिंती, त्यामुळे तो दुप्पट घुमतो. शेजारच्या काकांनी परवा गॅलरीतून विचारलं, "टेम्पो घेतलात का हो?" गाडी तापली की टकटक बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही.

आणि गेल्या काही दिवसांत माझ्या लक्षात आलंय की आणखी एक आवाज आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, १,५०० ते १,८०० आरपीएमच्या मध्ये, डब्याचं झाकण थरथरावं तशी खर्रर्र. त्याच्या वर गेलं की गायब.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. तोवर गाडी तापलेली. तिथल्या माणसाने मिनिटभर कान दिला आणि म्हणाला, "सर, डिझेलला एवढं असतंच. प्रीमियम डिझेल टाकून बघा." गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, टाकीत २०० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक दुचाकीत घालतात ते) ओता, इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे) गप्प बसतील. वडिलांनी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, ते म्हणाले, "डिझेल आहे, बोलणारच. बोलायचं थांबलं की काळजी कर."

तिघांपैकी कोणाचं ऐकू? इंजिनात खरंच काही दोष असेल तर वॉरंटीत आत्ताच भांडून घ्यावं म्हणतो.

दहाअकराचा_पाना

पहिलं काम: टू-टी ऑइल ओतू नका. ओतलं असेल तर आत्ताच सांगा.

तुमचे मेकॅनिक खोटं बोलत नाहीयेत, जुनं बोलतायत. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषणाच्या नियमांची सध्याची पायरी) डिझेल आलं, त्यात गंधक दशलक्ष भागांत १० भागांवर आलं. बीएस-४ मध्ये ते ५० होतं, त्याआधी कितीतरी जास्त. गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा स्वतःचा बुळबुळीतपणा कमी होतो, म्हणून लोक टाकीत तेल घालायला लागले. पण ती कमतरता भरून काढणारं रसायन रिफायनरीतच घातलेलं असतं. वर तुमच्या गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारी जाळी आहे, डीपीएफ. काजळी जळते, तेलातली राख जळत नाही. ती तिथेच बसते. जाळी बदलायचा खर्च एकदा विचारून या, मग मेकॅनिकच्या सल्ल्याची किंमत कळेल.

डबलक्लच

पाना यांच्याशी सहमत. आता आवाजाचं बघू. मला वाटतं तुमचे आवाज दोन आहेत आणि तुम्ही दोघांना एकाच गुन्ह्यात पकडताय.

सकाळची टकटक: पेट्रोलला स्पार्क प्लग असतो, डिझेलला नसतो. आतली हवा साधारण सोळा पट दाबली जाते, ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. पण फवारा उडाल्या क्षणी पेटत नाही, मध्ये एक अगदी बारीक फट राहते. गॅसची शेगडी आठवा. बटण फिरवलं, लायटर पहिल्या झटक्यात लागला तर बर्नर शांतपणे पेटतो. लायटर तीनदा फुसका गेला तर तोवर गॅस साठतो आणि 'भप्प' होतं. इंजिन थंड असलं की ही फट लांबते, साठलेलं डिझेल एकदम भडकतं, आणि प्रत्येक सिलिंडरमधल्या त्या छोट्या 'भप्प'ची तुम्हाला टकटक ऐकू येते. आजच्या कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) इंजिनात मुख्य फवाऱ्याच्या आधी एक चिमूटभर फवारा सोडतात, तो हेच मऊ करण्यासाठी. म्हणून नवं डिझेल जुन्या जीपसारखं बडवत नाही. पण थंडीत, भिंतीलगत, पेट्रोलची सवय असलेल्या कानाला ते टेम्पोच वाटणार.

तापल्यावर कमी होतेय म्हणजे ही टकटक बहुतेक प्रकृतीचा भाग आहे.

दुसरी खर्रर्र मला आवडलेली नाही. ठराविक आरपीएमला येते आणि वर गेलं की जाते, म्हणजे काहीतरी त्या कंपनाला सूर लावतंय. एक काम करा. गाडी उभी, हँडब्रेक, न्यूट्रल. हळूहळू १,५०० ते १,८०० पर्यंत रेस द्या. आवाज आला तर चाकं, ब्रेक, सस्पेन्शन बाद. मग तसंच ठेवून क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर बदलला तर क्लच-गिअरबॉक्सकडे बघायचं. न बदलला तर इंजिनला लागून असलेला पत्रा, पाइपचा क्लॅम्प, खालचं कव्हर.

लालडबा

माझे वडील ३१ वर्षं एसटीत चालक होते. लहानपणी डेपोत पहाटे सगळ्या गाड्या एकदम चालू झाल्या की आमच्या क्वार्टरच्या खिडक्या वाजायच्या. वडील झोपेत कूस बदलून म्हणायचे, "चौथी गाडी आजारी आहे." गाड्या पंचवीस, आणि यांना चौथी कळायची. तेव्हा कान तयार व्हायला वेळ द्या.

एक प्रश्न. तिसऱ्या गिअरला १,५०० आरपीएमवर तुम्ही चढ चढताय का? पेट्रोलच्या सवयीने लोक लवकर गिअर वर टाकतात. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा व्हायच्या आत जोर मागितला की डिझेल घरघरतं. खंबाटकीत वेग तुटला की सरळ एक गिअर खाली या, तिथे अॅव्हरेज वाचवायला जाऊ नका.

डिझेलबद्दल: ज्या पंपावर ट्रकांची रांग असते तिथे भरा. माल फिरता राहतो, टाकीत पाणी-गाळ बसत नाही. टँकर उतरत असेल तर मी पुढचा पंप बघतो. हायवेला धाब्यालगत स्वस्तात 'बायोडिझेल' म्हणून जे मिळतं त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

काळजीवाहू

मला आवाजापेक्षा ते ११ किलोमीटरला पाऊण तास जास्त सलतंय. हे वाचून माझे २०२२ चे दिवस आठवले. रोज असंच, आणि पाचव्या महिन्यात डीपीएफचा पिवळा दिवा.

जाळीत काजळी साठली की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून जाळी तापवते आणि काजळी जाळते. तेव्हा उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा थोडे चढलेले दिसतात, आवाज जड होतो, बंद केल्यावरही पंखा सुरू राहतो, करपट वास येतो, मायलेज अचानक पडतं. अशा वेळी ऑफिस आलं म्हणून गाडी बंद करायची नाही, एक चक्कर मारून यायचं. सारखं अर्धवट राहिलं तर न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिक बघताना ऑइल कमी आहे का एवढंच नको, वरच्या खुणेच्या पलीकडे गेलंय का तेही बघा. मला सर्व्हिस सेंटरने सांगितलं तेव्हा मी आनंदाने म्हणालो होतो, "ऑइल वाढलंय, चांगलंच आहे की!"

तुम्ही महिन्यातून दोनदा पाटणला जाता, हायवेला वीस-पंचवीस मिनिटं २,००० च्या वर आरपीएम मिळतात. त्यावर तुमचं निभेल. गावी जाणं कधी रद्द झालं तर रविवारी पहाटे तळेगावच्या पुढपर्यंत जाऊन या, मिसळीचं निमित्त काढून.

म्युनिक_मुक्कामी

प्रीमियमवर कोणी नीट बोललं नाही म्हणून लिहितो. पेट्रोलला ऑक्टेन, डिझेलला सीटेन, म्हणजे डिझेल किती पटकन पेटतं याचा आकडा. पंपावर ९५ किंवा १०० लिहिलेलं महाग इंधन असतं ते पेट्रोल, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. सीटेन जितका जास्त तितकी डबलक्लच यांनी सांगितलेली ती फट कमी. भारतात बीएस-६ डिझेलला किमान सीटेन ५१ लागतो, इथे युरोपातल्या साध्या डिझेललाही ५१ च. म्हणजे साधं म्हणून जे तुम्हाला मिळतं ते हलकं नाही. प्रीमियममध्ये सीटेन थोडा जास्त आणि इंजेक्टर स्वच्छ ठेवणारं रसायन असतं. थंड इंजिनाची टकटक किंचित मऊ होऊ शकते. सैल झालेला पत्रा मात्र कोणत्याही डिझेलने आवळला जात नाही.

घाटवळण

सगळ्यांचे आभार. टू-टी ओतलं नव्हतं, वाचलो.

शनिवारी प्रयोग केला. उभ्या गाडीत १,६०० ला खर्रर्र आली! क्लच दाबला, फरक शून्य. मुलाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसवलं होतं, त्याचं म्हणणं की आवाज पुढून डावीकडून खालून येतोय. गाडी बंद करून पूर्ण थंड होऊ दिली, पोतं अंथरून खाली शिरलो. इंजिनाखाली जे काळं प्लास्टिकचं मोठं कव्हर असतं, त्याच्या डाव्या कोपऱ्याला स्क्रूच नाही. त्या जागी पांढरा केबल टाय, आणि तोही निम्मा तुटलेला. बोटाने कव्हर दाबलं की डबडब वाजतंय.

मग ट्यूब पेटली. डिलिव्हरीच्या वेळी शोरूमने गळ्यात मारलेलं अंडरबॉडी कोटिंग! त्यासाठी कव्हर उतरवलं असणार आणि बसवताना एक स्क्रू कोणाच्या तरी खिशात गेला. गंज लागू नये म्हणून पैसे मोजले, आणि वर ही खर्रर्र फुकट मिळाली.

सोमवारी पुन्हा गेलो. या वेळी 'आवाज येतो' असं मोघम न सांगता रेकॉर्डिंग ऐकवलं आणि केबल टायचा फोटो दाखवला. दहा मिनिटांत स्क्रू बसला, पैसे नाहीत. केबल टाय मी मागून घेतला, आता तो टेबलावर ठेवलाय.

खर्रर्र बंद. टकटक आहेच.

दहाअकराचा_पाना

वा. जॉबकार्डवर 'इंजिनखालच्या कव्हरचा स्क्रू नव्हता' असं लिहून घेतलंत ना? तोंडी कामाला वॉरंटीत अर्थ नसतो. आणि टकटकीसाठी एकदा गाडी रात्री त्यांच्याकडे ठेवा, सकाळी थंड असताना त्यांच्याच दुसऱ्या तशाच गाडीशेजारी चालू करून ऐका. दोन्ही सारख्या वाजल्या तर विषय संपला.

घाटवळण

जॉबकार्डवर लिहून घेतलं. तुम्ही म्हणता तसं रात्रभर ठेवून सकाळी साडेसातला गेलो. शेजारची गाडी टेस्ट ड्राइव्हची, १४,००० किमी झालेली. ती माझ्याहून जास्त बडबडते. समाधान झालं.

प्रीमियमचाही प्रयोग केला. सलग दोन टाक्या. मला पहिल्या सकाळी वाटलं, अरे वा, किती मऊ! मग शंका आली की हे पैसे मोजलेल्या कानांचं मत आहे. तिसरी टाकी साधी भरली, बायकोला काही सांगितलं नाही आणि सकाळी विचारलं, "आज आवाज कसा वाटतोय?" ती म्हणाली, "कालच्यासारखाच. डबा घेतलास का?"

तेव्हा आता साधंच, आकुर्डीतल्या गर्दीच्या पंपावर. परवा तिथे पोऱ्याने सवयीने पेट्रोलचं नोझल उचललं होतं. पेट्रोलचं नोझल बारीक, ते डिझेलच्या तोंडात आरामात जातं, उलटं सहसा जात नाही. मी ओरडलो म्हणून थांबला. मंडळी, खाली उतरून उभे राहत जा.

लालडबा

आणि चुकून गेलंच तर चावी फिरवायची नाही. ढकलत बाजूला घ्यायची, टाकी उपसायची. इंजिन चालू केलं की ते पेट्रोल हाय प्रेशर पंपात जातं, मग खर्चाला अंत नाही.

नवशिका_७७

सगळा धागा वाचला. माझ्या डिझेल गाडीत एसी लावला की डॅशबोर्डच्या उजव्या बाजूला टिकटिक येते. हे पण सीटेनमुळे असेल का?

डबलक्लच

नाही हो. ग्लोव्हबॉक्स रिकामा करून बघा आधी. आणि वेगळा धागा काढा.

नवशिका_७७

ग्लोव्हबॉक्स डावीकडे आहे.

डबलक्लच

मग नक्की वेगळा धागा काढा.