मदत हवी आहे: उतारावरची माती मुळातच उथळ आहे की वाहून गेली आहे, हे कसे ओळखावे?

सिन्नर तालुक्यात आमचे अडीच एकर उताराचे, कोरडवाहू रान आहे. जुन्या सातबारा उताऱ्यांवर तेथे बाजरी आणि मठाची (मटकीची) नोंद आहे. वरचा पट्टा मात्र बराच काळ चराईसाठी पडीक होता आणि १९७२ च्या दुष्काळात मधोमध मातीचा बांध घातला गेला, असे गावातील वडीलधारी मंडळी सांगतात.

मी तीन ठिकाणी खड्डे घेतले. वरच्या पट्ट्यात वीतभर मातीखाली मुरूम लागतो, बांधाच्या वरच्या अंगाला मात्र कमरेइतकी काळी माती सापडते. मधल्या पट्ट्यात चुनखडीचे खडे थेट पृष्ठभागावर आहेत. काळ्या जमिनीत हे खडे सहसा खालच्या थरात तयार होतात, म्हणून वरचा थर धुपून गेला असावा अशी मला शंका येते. पण नांगरटीनेही ते वर येऊ शकतात. माती परीक्षण करून घेतले, परंतु त्यात सामू (पीएच), क्षार आणि सेंद्रिय कर्ब एवढेच कळले, थरांचा इतिहास नाही.

येत्या उन्हाळ्यात वरच्या पट्ट्यात डाळिंब लावायचे आहे आणि खर्च एकदाच करता येईल. तेव्हा बांधामागची माती पूर्वी वरूनच आली, हे प्रयोगशाळेविना, खड्ड्यातील रंग, खडे किंवा थरांच्या सीमेवरून खात्रीने कसे ओळखता येईल, आणि तसे असल्यास ती माती पुन्हा वर चढवावी की तलावातील गाळ आणावा?