दाढेचा ठणका आपोआप थांबला, आता रूट कॅनाल रद्द करू का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

खालची डावी, शेवटून दुसरी दाढ. महिनाभर गार पाण्याने सणक जायची, दोन-चार सेकंदांत विरायची, म्हणून मी काणाडोळा केला. मग गरमही लागायला लागलं, आणि ते पाणी थुंकून टाकल्यावरसुद्धा दहा-पंधरा मिनिटं ठणकत राहायचं. गेला आठवडा तर विचारू नका. आडवं झालं की नाडीच्या ठोक्यागणिक कळ, पार कानापर्यंत. तीन रात्री बसून काढल्या. गंमत म्हणजे वरची दाढ दुखतेय की खालची, हेच मला सांगता येईना. डॉक्टरांनी एक्स-रे काढून खालची दाखवली, कीड नसेपर्यंत गेलीय म्हणाल्या आणि रूट कॅनालची तारीख दिली.

आणि परवा पहाटे ठणका बंद! गार नाही, गरम नाही, काही लागत नाही. जंतूंचं विष नसेत उतरतं म्हणून दुखतं, असं कुठेतरी वाचलं होतं. मग दुखणं गेलं म्हणजे विषही गेलं ना? अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घरात उरल्यात, त्यावर भागेल का?

प्रतिसाद १
दातांचीच डॉक्टर आहे. तारीख अजिबात रद्द करू नका. तुमची नस, म्हणजे दाढेच्या आतला मऊ जिवंत गाभा, बहुतेक मेली आहे, आणि मेलेल्या नसेला दुखत नाही.

विष म्हणालात ते खोटं नाही, पण सुरुवात आम्लाने होते. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जंतू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. पीएच (आम्ल वाढलं की हा आकडा घटतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. इनॅमलमध्ये मज्जातंतूच नाहीत, त्यामुळे इथवर पत्ता लागत नाही. त्याखालच्या डेंटिनमध्ये मात्र केसाहून बारीक नळ्या असतात, थेट नसेकडे जाणाऱ्या. जंतू पोचायच्या आधीच त्यांचा माल त्यातून झिरपतो. खोल किडीत ऑक्सिजनशिवाय जगणारे, 'ग्रॅम-निगेटिव्ह' गटातले जंतू बळावतात. त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे तुमचं विष. ते ओळखणारे टीएलआर४ रिसेप्टर (खूण ओळखणारी प्रथिनं) वेदनेच्या तंतूंवरच असतात. ते चेतले की उष्णता टिपणारे टीआरपीव्ही१ रिसेप्टर हळवे होतात. शिवाय नस सुजते, आणि सुजायला जागा कुठे आहे? चारही बाजूंनी कडक भिंती. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो, म्हणून रात्रीचा तो ठणका.

जंतू किती महत्त्वाचे, ते १९६५ सालच्या एका प्रयोगात दिसलं. पूर्ण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या दाढेची नस उघडी पाडली, तरी ती जगली, वर नवं डेंटिनही धरलं. साध्या उंदरांची नस सडली.

आणि त्या चार गोळ्या राहू द्या. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, औषध तिथे पोचणार कसं?

प्रतिसाद २
मीही 'थांबलंय ना' म्हणून तारीख टाळली होती. आठ महिन्यांनी गळू झालं, गाल सुजून डोळा मिटला. बाकी तुमची मर्जी.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. ताई, आणखी एक. आज चावताना तीच दाढ बाकीच्यांपेक्षा उंच वाटतेय. नखाने टकटक केलं की बरोबर तिथेच लागतं. आधी तर वरची की खालची तेही कळत नव्हतं!

प्रतिसाद १
कारण नसेला फक्त दुखतं हे कळतं, कुठे ते नीट कळत नाही. दाढेला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंना मात्र जागा आणि दाब दोन्ही कळतात. म्हणजे जंतू आणि त्यांची विषं मुळाच्या टोकातून बाहेर पडली आहेत. तारीख अलीकडे घ्या. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

धागाकर्ता
टॉर्च घेऊन आरशात पाहिलं. त्या दाढेखाली हिरडीवर बारीक पांढरी पुटकुळी आहे. सूज, ताप नाही. दवाखान्यात आत्ताच फोन केला, उद्या सकाळी पहिला नंबर मिळालाय.