दोरा ओवलेली सुई कुत्र्यानं गिळली, दोरा ओढून काढू का? अर्जंट (सोलापूर)

नीलमनगरचा_राजा – रात्री 8:10

नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय, चुका झाल्या तर समजून घ्या. आमचा राजा गावठीच आहे, दीड वर्षाचा, वजन 16 किलोच्या आसपास. आई घरी शाळेच्या युनिफॉर्मचं बटण लावायचं आणि हातशिलाईचं काम करते, आता शाळा सुरू व्हायच्या आधीचा सीझन म्हणजे हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही नुसते गठ्ठे. सात वाजता कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली, सुई दोऱ्यासकट एका हाफपँटला टोचून ठेवली होती, आणि तेवढ्यात ह्यानं ती पँट तोंडात धरून पळवली. पँट मिळाली, सुई नाही. सगळा हॉल झाडला, एकेक नग झटकला, लोहचुंबक फिरवलं, कुठंच नाही. मग त्याचं तोंड उघडून टॉर्च मारला तर जिभेखाली पांढरा दोरा अडकलेला दिसतोय आणि बाकीचा सरळ घशात गेलाय.

तसा तो शेपूट हलवतोय, हाक मारली की येतोय, पण लाळ गळतेय आणि सारखं घुटका गिळल्यासारखं करतोय. शेजारचे अण्णा म्हणतात दोरा हळूहळू ओढ, मागनं सुई येईल. आई म्हणतेय मीठपाणी पाजून उलटी करवू. माझा हात धजंना म्हणून आधी इथं विचारतोय. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल का?

दशीवाली_चादर – रात्री 8:16

दादा दोरा अजिबात ओढू नका!!! आधी एवढं वाचा मग बाकीचं. मी विजापूर रोडला राहते, दोन वर्षांपूर्वी आमच्या लॅब्राडोर कुत्रीनं चादरीच्या दशा खाल्ल्या होत्या, आपल्या इथल्याच जाड चादरीच्या, चावून चावून लांबलचक दोरे गिळले आणि आम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी शी करताना मागून दोरा लोंबताना दिसला आणि माझ्या मिस्टरांनी रुमालात धरून ओढायला सुरुवात केली, ती जी ओरडली ना, अजून तो आवाज कानात आहे. नंतर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं ते तुमच्या आईंना लगेच कळेल. पायजम्याच्या नेफ्यात नाडी असते, तिचं एक टोक पक्कं धरून दुसरं ओढलं की कापडाच्या कशा चुण्या पडतात, तसंच आतड्याचं होतं. दोरा वर जिभेला अडकलेला, आतडं त्याला पुढं पुढं ढकलायला बघतं, दोरा ताणतो आणि आतडं स्वतःच गोळा होत जातं. वर तो दोरा करवतीसारखा आतून कापतो. आमच्या तिला तीन ठिकाणी भोकं पडली होती. वाचली, पण अकरा दिवस सलाईनवर काढले.

सकाळची वाट बघू नका. आत्ता निघा.

जुना_सोलापूरकर – रात्री 8:22

घाबरू नका. आमच्या गावाकडं कुत्र्यानं खिळा गिळला होता तर आजोबांनी तूप घातलेला भात आणि केळी चारली, तिसऱ्या दिवशी खिळा गुंडाळून बाहेर. जास्त खायला घाला म्हणजे सुईभोवती गोळा होईल. ऑपरेशनच्या नादी लागू नका.

गुरांचा_डॉक्टर – रात्री 8:31

मी पशुवैद्य आहे, नोकरीतून निवृत्त झालोय. वरच्या ताईंनी जे लिहिलंय ते तंतोतंत बरोबर आहे. जुना सोलापूरकर, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, बोथट आणि लहान वस्तू पुष्कळदा आपोआप पडून जातात, पण इथं टोकदार सुई आहे आणि तिला दोरा आहे, आणि तो दोरा जिभेला अडकलाय, ही केस पूर्ण वेगळी. आज रात्री भूल द्यावी लागणार हे जवळपास नक्की आहे, पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी होऊन ती फुफ्फुसात जायची भीती असते, शिवाय दुर्बीण घातली तर अन्नात सुई दिसत नाही. तेव्हा भात नको, केळं नको, तूप तर नकोच, पाणीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

दोरा ओढायचा नाही आणि कापायचाही नाही. तोंडातलं ते टोक आमच्यासाठी वाटाड्या असतं, कापलं की सुई दोऱ्यासकट आत सरकते आणि दोरा एक्सरेत दिसत नाही, नुसती सुई दिसते. उलटी करवायची नाही, कारण जी सुई खाली जाताना टोचली नाही ती जोरात वर येताना अन्ननलिकेत रुतू शकते. आणि आईंना हात जोडून सांगा की मीठपाणी कुठल्याच कुत्र्याला कधीच नको, 16 किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मोठे चमचे मीठ पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, मूळ दुखणं राहिलं बाजूला आणि मिठानंच जीव जातो. हल्ली नेटवर वाचून लोक हायड्रोजन पेरॉक्साइड पाजतात, त्यानं पोटाच्या अस्तराला जखमा होतात, घरच्या घरी तेही नको.

निघायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा, रात्री एक्सरे काढणारा माणूस हजर आहे का, आणि पोट उघडायची वेळ आली तर आत्ता करणार का. दोन्हीला नाही म्हणाले तर दुसरा नंबर लावा, वेळ घालवू नका. सोलापुरात जमलंच नाही तर पुणे 250 किलोमीटर, रात्री रस्ता मोकळा असतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा सरकारी 1962 नंबर आहे पण फिरती गाडी ह्या वेळेला मिळेल असं धरून बसू नका. तसलीच एक सुई आणि तसलाच दोरा बरोबर न्या, लांबी कळते. वाटेत तो पंज्यानं दोरा ओढणार नाही एवढं बघा, मांडीवर घेऊन पुढचे पाय धरा.

नीलमनगरचा_राजा – रात्री 8:36

एक डॉक्टर या म्हणालेत. रिक्षा आलीय. निघालो.

विडीघरकुल_अक्का – रात्री 9:05

राजाला काय होणार नाही बघा, सिद्धेश्वर महाराज आहेत. डॉक्टरसाहेब, ह्याच धाग्यात विचारते, आमच्याकडं आम्ही तिघीजणी विड्या वळतो, सूप मांडीवरच असतंय, तंबाखू खाली सांडतोच आणि पिल्लू तिथंच लोळतंय. परवा त्यानं सांडलेला तंबाखू चाटला, नंतर लाळेची धार लागली, एकदा ओकला आणि पाय लटपटायला लागले, तासाभरानं बरा झाला. हे तंबाखूनंच का?

गुरांचा_डॉक्टर – रात्री 9:20

हो अक्का, तंबाखूच. निकोटीन फार झपाट्यानं चढतं, अर्ध्या-पाऊण तासात लाळ, उलटी, थरथर, छाती धडधडणं, आणि जास्त गेला असेल तर पुढं अंग लुळं पडून श्वास थांबतो. तुमचं पिल्लू लवकर ओकलं म्हणून निभावलं. परत झालं तर बरं वाटायची वाट बघू नका, किती वाजता आणि साधारण किती खाल्ला ते सांगून लगेच फोन करा. वळायला बसता तेव्हा पिल्लू दाराच्या पलीकडं बांधा, आणि मशेरीचा डबासुद्धा वर ठेवा.

विषय निघालाच आहे तर ज्यात वेळ हातात राहत नाही त्या दोन गोष्टी सांगतो. रिमोटचा, खेळण्यातला तो बटणासारखा गोल सेल. तो घशात अडकला तर ओल्या जागी करंट सुरू होतो आणि पंधरा-वीस मिनिटांत मांस जळायला लागतं, एक्सरेत नाण्यासारखाच दिसतो पण कडेला दुहेरी रेघ असते. त्यात रात्र काढायची नसते. दुसरं उंदराचं औषध. काळी पूड असेल तर काही तासांत त्रास होतो, उलटीला लसणासारखा वास येतो, तो वायू माणसालाही बाधतो म्हणून खिडक्या उघडा आणि जवळ तोंड नेऊ नका, काही खायलाही घालू नका, पोटात आम्ल वाढलं की वायू जास्त होतो. वड्या असतील तर बहुतेक रक्त न गोठण्याचं औषध असतं, आणि तिथं लोक फसतात, कारण दोन-तीन दिवस कुत्रं ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त येतं किंवा आतल्या आत छातीत साठतं. त्याला व्हिटॅमिन के-1 आहे, आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं पण कुत्रं वाचतं. म्हणून पाकीट फेकू नका, फाटकं असलं तरी घेऊन या, पाकिटावरच्या नावावरनं उपचार ठरतो.

दशीवाली_चादर – रात्री 11:48

राजाचं काही कळलं का? झोप येईना.

नीलमनगरचा_राजा – दुसऱ्या दिवशी, सकाळी 7:30

मंडळी राजा आहे. एक्सरेत सुई पोटात दिसली, आडवी, पुढं आतड्यात गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले अजून पाच-सहा तास गेले असते तर वेगळंच बोलणं झालं असतं. भूल देऊन पोट उघडलं, आधी सुई हातात धरली, मग मला बोलावून जिभेखालचा दोरा दाखवला, तिथं जिभेच्या मुळाशी बारीक लाल चीर पडली होती, म्हणजे तेवढ्यातच तो रुतायला लागला होता. मग वरून कापला आणि खालून काढला. दोरा माझ्या वितीनं साडेतीन वीत भरला. आई बाहेर बाकावर बसून होती, तिच्या हातात दिला तर तिनं पदरात बांधून घेतला, काही बोलली नाही.

आता गळ्यात मोठा प्लास्टिकचा कॉलर आहे, आज सलाईन, उद्यापासून थोडी थोडी पेज, टाके बारा दिवसांनी. अण्णा रात्री दोन वाजेपर्यंत आमच्याबरोबर दवाखान्यात थांबले होते. आईनं सकाळी उठून सगळ्या सुया एका स्टीलच्या डबीत घातल्या, आत चुंबक चिकटवलाय, आणि डबी देवळीत. पण तिनं काल दुपारपासनं काही खाल्लेलं नाही, मी चुकले मी चुकले एवढंच चाललंय.

दशीवाली_चादर – सकाळी 7:34

आईंना फोन द्या. नंबर मेसेज केलाय, मी बोलते त्यांच्याशी.